अर्धी ओळ उशिरा

आमच्या घरात आवाजाला कधी तोटा नव्हता. सकाळी साडेसातला घंटागाडी गाणं म्हणत येते, तिच्या मागून भंगारवाल्याचा भोंगा, मग शेजारच्या बोअरची मोटर, दुपारी कुकर, संध्याकाळी बालाजीच्या देवळाकडून तरंगत येणारी घंटा आणि रात्री माझं घोरणं, ज्याचा पुरावा आजवर कुणाकडे नव्हता. एवढी सुबत्ता असताना आवाज धरून ठेवायचं यंत्र घरात कशाला, हा आईचा प्रश्न रास्तच होता. "घरात काय कमी कालवा हाय, का अजून आवाज इकत आनला?" असं ती खोकं उघडताना म्हणाली. पण निवृत्त झालेल्या मराठीच्या मास्तराला पेटीवर बोटं टाकून अभंग म्हणायची हौस असते, आणि ती हौस मोबाइलवर टिपून पुण्यातल्या मुलाला पाठवायची त्याहून मोठी हौस असते. मुलानं ऐकून कळवलं, "बाबा, आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय." आणि डब्याचा दोष घालवण्यासाठी त्यानं आणखी एक डबी पाठवली.

डबी कंपासपेटीहून थोडी जाड, नव्या नवरीच्या शालूसारखी लालभडक. पुढच्या अंगाला दोन भोकं आणि दोन नॉब, मागे वायरींच्या जागा. सोबत एक काळा माइक, कोळ्याच्या जाळ्यात लटकवावा तसा रबराच्या दोऱ्यांत अडकवलेला, आणि तीन दातांची जाड वायर. या डबीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, असं मुलानं फोनवर सांगितलं. तिचं काम मला आमच्या बाजार समितीतल्या मापाऱ्यासारखं वाटलं. माइक हवेतल्या लाटेची वीज करतो. डबी त्या विजेचं माप घेते, सेकंदाला ४४,१०० वेळा, आणि ते आकडे यूएसबीच्या वायरीतून लॅपटॉपच्या पदरात घालते. मापारी निदान पहिल्या मापाला 'लाभ' म्हणून थोडा थांबतो, हातावरची धूळ झटकतो. हिला तेवढीही उसंत नाही. नॉबभोवती दिव्याचं एक कडं आहे. आवाज बेतात असला तर हिरवं, अंगाबाहेर गेला की लाल. असं कडं आमच्या तालुक्यातल्या दोन-चार वक्त्यांच्या गळ्यात घालायला हवं, असं मला पहिल्याच दिवशी वाटून गेलं.

डबीवर ४८ असा आकडा लिहिलेलं एक बटण आहे, आणि माझा जीव जडला तो त्या बटणावर. माइकच्या ज्या जातीला कंडेन्सर म्हणतात, तिला काम करायला वीज लागते, आणि ती वीज ज्या वायरीतून आवाज इकडे येतो त्याच वायरीतून उलटी तिकडे जाते. येणारी-जाणारी दोघं एकाच बोळातून जातात आणि एकमेकांना धक्का लागत नाही. या न दिसणाऱ्या विजेला फँटम पॉवर म्हणतात. आमच्या भाषेत भुताची वीज. पण ४८च का? पन्नासचा सरळ आकडा का नाही? तर १९६६ साली न्यूमन या जर्मन कंपनीनं नॉर्वेच्या आकाशवाणीसाठी माइक तयार केले, तेव्हा तिथल्या स्टुडिओत ४८ व्होल्टची सोय आधीच होती. हिवाळ्यात तिकडे दिवस जेमतेमच उगवतो, तेव्हा दिवे गेले तर निदान तेवढ्यापुरता उजेड असावा म्हणून ठेवलेली. तीच वीज माइकला जोडली, आणि पुढे साऱ्या जगानं तोच आकडा धरला. नॉर्वेतल्या कुणा शहाण्यानं अंधारासाठी राखून ठेवलेला उजेड चैत्रातल्या वाशिममध्ये माझ्या टेबलावर एका लाल बटणात येऊन बसला होता. ज्या गावात "लाइन गेली" हे वाक्य "जेवण झालं का"इतकंच सहज बोललं जातं, तिथं तो अगदी माहेरी आल्यासारखा बसला होता.

आवाजाआधी घुरघुर आली. हेडफोन कानाला लावला तर कुठंतरी दूरवर एखादं मोठं मांजर समाधानानं झोपलं आहे असं वाटावं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, त्यांचाच हा सूर. मी पेटीवर तो शोधून पाहिला. पांढरी पाच म्हणावं तर वर आहे, काळी चार म्हणावं तर खाली; दोन पट्ट्यांच्या फटीत कुठंतरी झुरळासारखा जाऊन बसलेला. "बाबा, अर्थिंग बघा," मुलगा म्हणाला. घराच्या मागच्या कोपऱ्यात वडिलांनी मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा आहे, आणि दर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतणं हे त्यांचं व्रत होतं. ते गेले तसा खड्डाही तहानला. मी दोन बादल्या ओतल्या. जमिनीनं त्या गटागटा पिऊन टाकल्या. शेजारचा मुलगा कुंपणावरून वाकून म्हणाला, "काका, काय लावलं तिथं?" मी म्हटलं, "सूर." घुरघुर थोडी नरमली, पण गेली नाही. ती गेली लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटल्यावर. चार्जरच्या पोटातली खळबळ त्याच वायरीनं डबीत उतरत होती. नुसत्या बॅटरीवर यंत्र देवघरासारखं शांत झालं. खड्ड्यातल्या दोन बादल्या वाया गेल्या असं मात्र मी मानत नाही. वडिलांचं एक काम अकरा वर्षांनी झालं.

मग खोली. मुलाच्या म्हणण्यानुसार उघड्या भिंती आवाज परत फेकतात, म्हणून मऊ काहीतरी टांगायला हवं. मी दोरी बांधून घरातल्या सगळ्या गोधड्या वाळत घातल्यासारख्या लावल्या आणि आईचं लुगड्यांचं कपाट सताड उघडून ठेवलं, कारण घड्या घातलेल्या कापडाइतकं आवाज गिळणारं दुसरं काही नाही. एका गोधडीत माझ्या शाळेच्या गणवेशाची खाकी चड्डी ठिगळ होऊन बसलेली दिसली, तिच्याकडे तोंड करून गायचं थोडं अवघड वाटलं. पण मोठ्यांचंही असंच झालं आहे. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग ग्रामोफोनचं सामान घेऊन कलकत्त्याला आला, तेव्हा त्यानंही हॉटेलच्या खोलीतच कर्णा मांडला होता. तिथं गौहर जान कर्ण्यात तोंड घालून गायली आणि गाणं संपता संपता इंग्रजीत आपलं नाव सांगून मोकळी झाली. तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या. गाणारी कोण हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं ना! हॉटेलच्या खोलीपुढे माझ्या गोधड्या काही कमी प्रतिष्ठेच्या नव्हत्या. शिवाय आमच्या गावाला साहित्याचं कूळ आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते याच गावात. त्या लग्नाचं रेकॉर्डिंग कुणी केलं नाही एवढंच. केलं असतं तर त्यातही वाजंत्र्यांपेक्षा पंक्तीतल्या भांड्यांचा आवाज मोठा आला असता, हे मी आता अनुभवानं सांगू शकतो.

कारण हे यंत्र फार खरं ऐकतं. माणसाचा कान हा संसारी प्राणी आहे. नको ते ऐकून न ऐकल्यासारखं करणं त्याला जमतं. माइकला जमत नाही. माझ्या पहिल्या अभंगात विठ्ठलाच्या नावाआधी भात्याचा खडखडाट, त्याआधी खुर्चीची कुरकुर आणि सगळ्यांच्या आधी चढावर बंडी ओढणाऱ्या बैलासारखा माझा श्वास होता. दोन कडव्यांच्या मधे कावळा. शेवटी घशातून निघालेला एक हुंकार, जो मी समाधानाचा समजत होतो आणि ऐकताना अपचनाचा निघाला. बासष्ट वर्षं मी ज्या आवाजाला माझा समजत होतो तो माझ्या हाडांतून मला ऐकू येणारा आवाज होता. बाहेरचे लोक इतकी वर्षं भलत्याच माणसाशी बोलत होते.

आणि वरून तो आवाज उशिरा येत होता. गाताना हेडफोनमधून स्वतःचंच गाणं किंचित मागून कानावर पडायचं, जणू कुणी मागे उभा राहून चिडवतंय. याचं कारण असं की लॅपटॉप आकडे एकेक करून हाताळत नाही; मूठ भरली की उचलतो. मूठ लहान ठेवली, ६४ किंवा १२८ आकड्यांची, तर आवाज लगेच परत येतो, पण त्याला सारखं वाकावं-उठावं लागतं. म्हातारा लॅपटॉप दमतो आणि आवाजात फुटाण्यासारखी तडतड उठते. मूठ मोठी केली, ५१२ची, १०२४ची, की तो निवांत, पण गाणारा खोळंबतो. ५१२ म्हणजे सेकंदाचा साधारण ८६वा भाग. तेवढ्यात हवेतला आवाज चार मीटर जातो. म्हणजे मी दिवाणखान्यात गावं आणि ते मला अंगणातल्या तुळशीपाशी उभं राहून ऐकू यावं, असा तो हिशोब. मुलगा याला लेटन्सी म्हणतो आणि आजारासारखं म्हणतो. "ती कमी करा बाबा, आधी ती कमी करा."

मला खरं तर त्या उशिराचं एवढं वावडं वाटेना. आमच्याकडे मध्यमेश्वराचं देऊळ आहे. जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा तिथूनच जाते असं गावातले लोक अभिमानानं सांगतात, म्हणजे एके काळी साऱ्यांनी घड्याळ आमच्यावरून लावायचं. त्याच गावात आम्ही अकोला-पूर्णा मीटरगेजची गाडी वाट बघत बघत लहानाचे मोठे झालो, आणि रूळ रुंद होईपर्यंत २००८ साल उजाडलं. "येऊन राह्यलो" या आमच्या क्रियापदात माणूस निघालेला असतो, वाटेत असतो आणि अजून अंघोळीलाही गेलेला नसतो. उशीर आमच्या व्याकरणातच आहे. तरीही मी आज्ञाधारकपणे शिकलो. डबीवर एक छोटा खटका असतो. तो दाबला की माइकमधला आवाज लॅपटॉपचा वळसा न घेता थेट हेडफोनमध्ये येतो, उशीर जवळजवळ शून्य. मूठ १२८, खटका चालू, चार्जर बंद. महिनाभरात माझा अभंग शुद्ध, स्वच्छ आणि वेळेवर येऊ लागला. तो इतका स्पष्ट ऐकू आला की मी गाणं सोडून दिलं.

मग त्या यंत्राचं करायचं काय, म्हणून आईकडे वळलो. आई ८४ वर्षांची. तिला किती ओव्या येतात ते तिलाच ठाऊक नाही, कारण तिनं त्या कधी मोजल्या नाहीत, दळल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याला राहून खेड्यापाड्यांतल्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, पुढे बर्नार बेल यांच्यासोबत कितीतरी ध्वनिमुद्रितही केल्या. ते ऐकताना मला नेहमी वाटायचं की त्या लाखांत आमच्या घरचं जातं नाही. माझ्या लहानपणी पहाटे चारला ते सुरू व्हायचं. एका बाजूला आई, समोर मोठीमाय, म्हणजे माझी थोरली चुलती. मधे जातं, आणि खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. आई ओळ धरायची आणि मोठीमाय ती अर्धी ओळ उशिरा उचलायची. ती स्वभावानंच सावकाश होती. हसणंसुद्धा तिला मागाहून यायचं. सगळ्यांचं हसून झालं की ती एकटी पुन्हा पहिल्यापासून हसायची. अर्धवट झोपेत मला वाटायचं, दोन बाया एकाच पायवाटेनं चालल्या आहेत, पुढचीच्या पावलात मागची पाऊल टाकते आहे. पीठ कुणाच्या वाटचं किती याचा हिशोब त्या कधी करत नसत, पण ओळ कुणाची हे दोघींना पक्कं माहीत असायचं.

आता जातं न्हाणीजवळ कडुनिंबाखाली आहे आणि त्याच्या वरच्या पाळूवर गवती चहाची कुंडी. आईला गोधड्यांच्या मांडवात बसवलं, हेडफोन घातला. ऐकू कमी येतं म्हणून तिला तो हवाच होता. आधी आवाज तपासायचा म्हणून म्हटलं, "नाव सांग." ती म्हणाली, "तुले माईत नाई का?" गौहर जानला हे सुचलं नसतं. मग ओवी म्हण म्हटलं तर ती गप्प. मला वाटलं लाजली. ती खरोखर आठवत होती आणि तिला आठवत नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये ठेका धरायला टिकटिक करणारी एक सोय असते, ती लावून पाहिली. आई म्हणाली, "नळ गळते का कुठी?" शेवटी ती वैतागून म्हणाली, "खुटा नाई, दयन नाई, म्या का हवेत दयू?" आणि म्हणता म्हणताच तिचा उजवा हात टेबलावर गोल फिरायला लागला. एक फेरा, दोन फेरे. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. ती कुठल्या कप्प्यात होती कोण जाणे, पण किल्ली मनगटात होती. माइक एवढा बारीक कानाचा की प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी होणारा बांगड्यांचा किणकिणाट त्यानं उचलला. ओवीच्या शेवटी फेरा लांबायचा, जणू घास संपत आला, आणि नव्या ओवीला पुन्हा जड व्हायचा, जणू मूठभर तूर आत पडली.

त्याच वेळी लाइन गेली. पंखा थांबला, फ्रीज हुंदका देऊन गप्प झाला, शेजारची मोटर, समोरचा टीव्ही, कोपऱ्यावरची गिरणी, सगळं एकदम खाली बसलं. गोधड्यांना महिनाभर जे जमलं नव्हतं ते एका झटक्यात झालं. लॅपटॉप बॅटरीवर, लाल डबी लॅपटॉपच्या पाच व्होल्टवर, त्यातून तिनं वाढवून दिलेले ४८ व्होल्ट माइकमध्ये, आणि आई अंधारात. तिला काही फरक पडला नव्हता, दळण अंधारातच असतं. पण वीज वाचवायच्या नादात लॅपटॉपनं आपला वेग कमी केला आणि ओवीत तडतड फुटू लागली. मी घाईघाईनं मूठ एकदम २०४८ची केली. त्या धांदलीत डबीवरचा थेट ऐकण्याचा खटका माझ्या अंगठ्यानं बंद झाला, हे मला नंतर कळलं. आता आईचा आवाज लॅपटॉपला वळसा घालून, जाऊन-येऊन सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर करून तिच्या कानात परत येत होता. एवढ्या उशिरानं माणूस अडखळतो; मी तर पहिल्या कडव्यातच कोसळलो होतो. आई अडखळली नाही. तिनं फक्त चाल थोडी सैल केली. ओळीचा शेवट ती लांबवायची, मागचीला पोचू द्यायची, आणि मग पुढची ओळ धरायची. पाच ओव्या झाल्यावर हात न थांबवता तिनं विचारलं, "मांगून कोन म्हनते रे?"

"तूच आहेस, आई. तुझाच आवाज आहे."

"ते समजते मले," ती म्हणाली. "पन बाईवानी धरते." आई थोरल्या जावेला बाई म्हणायची.

त्या रात्री तिनं एकवीस ओव्या म्हटल्या. मोजल्या मी, ती दळत होती. लाइन आली तेव्हा फ्रीजचा आवाज शेवटच्या ओवीवर सांडला आहे, तो मी काढलेला नाही. फाइल मुलाला पाठवली. त्यानं ऐकून बराच वेळ काही कळवलं नाही, आणि मग कळवलं की आजीचा आवाज छान आलाय, पण हेडफोनमधून कसलीतरी बारीक कुजबुज माइकमध्ये गळते आहे, ओळीच्या मागे मागे. पुढच्या वेळी सेटिंग नीट करा.

दुसऱ्या संध्याकाळी सगळं नीट केलं. मूठ १२८, थेट ऐकण्याचा खटका चालू, हेडफोन कानावर घट्ट. लाइन होती म्हणून पंखा, फ्रीज सगळं हातानं बंद केलं. आई बसली, हात फिरला, बांगड्या वाजल्या. पहिली ओवी काचेसारखी स्वच्छ आली. ओळीच्या शेवटी आईनं सूर लांबवला, थांबली, हात तसाच फिरत ठेवला. लॅपटॉपवरची रेष सपाट चालत राहिली. एक फेरा. दोन फेरे. मग तिनं हेडफोनची एक बाजू उचलून माझ्याकडे पाहिलं.

"आज आली नाई का ते?"

मी म्हटलं, "येऊन राह्यली," आणि २०४८ शोधायला लागलो.